मसाई माराची सहल आणि ‘सनडाउनर’ : पैसे मोजावेत का?

अबोली

ऑगस्टमध्ये केनियाला जायचं जवळपास नक्की झालंय. आम्ही दोघं, दहावीतला मुलगा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई-सासरे. नैरोबी, अंबोसेली, नैवाशा आणि शेवटी मसाई मारा असा बेत आहे. एजंटच्या कोटेशनमध्ये सगळ्यात खाली एक ओळ आहे: ‘सनडाउनर, ऐच्छिक, माणशी ४५ डॉलर’. विचारलं तर म्हणतो, “मॅडम, जंगलात सूर्यास्त बघत ड्रिंक्स घ्यायची, सगळे घेतात.”

आता सासरे माळकरी. सासूबाईंनी ऐकल्या ऐकल्या विचारलं, की तिन्हीसांजेला दिवा लावायचा सोडून हे काय काढलंय? नवऱ्याला अर्थातच कल्पना फार आवडली आहे.

सहा जणांचे २७० डॉलर होतात. न पिणाऱ्यांना यात काही आहे का? आणि गाडीतून खाली उतरायचं म्हणे! सिंहांच्या मुलखात? जाऊन आलेल्यांनी सांगा.

पेंगुळलेला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टेलीलेन्स

माझं मत अप्रिय होईल, तरी सांगतो. सनडाउनर म्हणजे दिवसातला सर्वांत चांगला उजेड वाया घालवायची सोय. सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच्या वीस मिनिटांत सिंहाच्या आयाळीला मागून जी सोनेरी कड येते तिच्यासाठी लोक लाखाची लेन्स घेतात, आणि नेमकं तेव्हा आपला गाइड बॉनेटवर चादर अंथरून काजू मांडत असतो. गाडीत एक जरी फोटोवाला असेल तर भांडण ठरलेलं. पैसे वाचवा आणि त्या वेळी गाइडला सांगा, चित्त्यापाशीच थांब.

नैरोबीकर

अबोलीताई, इथे येऊन बरीच वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की हॉटेल नेमकं कुठे आहे. ‘मसाई मारा’ या एकाच नावाखाली एजंट दोन वेगळ्या गोष्टी विकतात. एक म्हणजे सरकारी राखीव क्षेत्र. ते नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. तिथे वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही, रस्ता सोडून गाडी घालता येत नाही आणि रात्रीची फेरीही नसते. संध्याकाळी सहाच्या सुमारास बाहेरच्यांनी फाटकाबाहेर जायचं, आत मुक्काम असलेल्यांनी साडेसहापर्यंत आपापल्या कॅम्पवर पोचायचं. माराला सूर्य मावळतो साडेसहा ते सातच्या दरम्यान, आणि विषुववृत्त जवळ असल्यामुळे ही वेळ वर्षभर फारशी हलत नाही. म्हणजे बाहेर राहणाऱ्यांचा सूर्यास्त राखीव क्षेत्रात जवळपास होतच नाही, हे गणित एजंट सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्तरेच्या आणि पूर्वेच्या अंगाला असलेल्या कॉन्झर्व्हन्सी: ओल किनयेई, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, मारा नॉर्थ वगैरे. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. पूर्वीच्या सामूहिक जमिनींची वाटणी होऊन घराघराच्या नावावर तुकडे झाले, तेव्हा कुंपणं पडून प्राण्यांच्या वाटा बंद होतील अशी भीती होती. त्यावर तोडगा निघाला तो असा, की शेजारशेजारच्या मालकांनी आपले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने द्यायचे आणि दरमहा ठरलेलं भाडं घ्यायचं. २००५-०६ पासून हे सुरू झालं. ओलारे मोटोरोगीत ७०० एकरांमागे एक तंबू असा हिशेब आहे आणि एका प्राण्याभोवती पाचच गाड्या. इथे गाडीतून उतरता येतं, रात्री दिवा घेऊन गाडीने फिरता येतं. खरं सनडाउनर असतं ते इथलं. पण आत जायचं तर मुक्काम त्याच कॉन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पवर हवा, बाहेरची टुरिस्ट गाडी आत घेत नाहीत.

तेव्हा एजंटला एकच विचारा: ४५ डॉलर घेऊन नेणार कुठे? फाटकाबाहेरच्या गावच्या टेकडीवर नेणार असेल, तर सूर्यास्त तोच दिसेल, पण समोर गाई-शेळ्या चरत असतील. त्यातही वाईट काही नाही म्हणा, पण मग ते ४५ डॉलर कशाचे हे त्याला सांगता आलं पाहिजे. आणि कॉन्झर्व्हन्सीत मुक्काम घेतलात तर बहुतेक ठिकाणी हे भाड्यातच असतं, वेगळे पैसे मागितले तर मलाच नवल वाटेल.

अबोली

नैरोबीकर, खूप आभार! हॉटेल ‘सेकेनानी गेटजवळ’ असं लिहिलंय. म्हणजे बाहेरच ना?

नैरोबीकर

गेटजवळ म्हणजे गेटच्या बाहेर असं धरून चाला. आणि आणखी एक. २०२४ पासून राखीव क्षेत्राचं शुल्क जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढ माणसाला दिवसाला २०० डॉलर झालंय. तुम्ही ऑगस्टला येताय. त्यामुळे आत किती दिवस आणि बाहेर किती, हे कागदावर मांडून बघा. कॉन्झर्व्हन्सी महाग वाटते, पण या शुल्कानंतर दोन्हींतलं अंतर पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

वरणभात

एकूण काय, साहेब गेला, त्याच्या सवयी ठेवून गेला. घाम गाळून दमलेला साहेब खुर्चीत बसणार, काळा माणूस ट्रे घेऊन उभा राहणार. तेच आता आपण डॉलर देऊन करायचं आणि फेसबुकवर टाकायचं. सूर्यास्त गच्चीवरूनही दिसतो.

गोंयकार

@वरणभात, बाब, तुझी गच्ची कुठे, तिथे जिराफ दिसतो काय?

बाकी मुद्दा अगदीच खोटा नाही. सवय साहेबाचीच. पण पूर्व आफ्रिकेत साहेबाच्या बरोबरीनं आमचे गोंयकार पण होते. रेल्वेत, पोस्टात कारकून म्हणून, शिंपी म्हणून, आचारी म्हणून. नैरोबीत गोवन जिमखाना आहे अजून. माझ्या आजीचा भाऊ तिकडेच नोकरीला होता आणि संध्याकाळचा एक पेग त्याचा कधी चुकला नाही, साहेब असो नसो. तो काही गुलामगिरीत पीत नव्हता!

नैरोबीकर

@वरणभात, ट्रेचा मुद्दा समजतो, काही महागड्या कॅम्पांत तो थाट मलाही खटकतो. पण आता चित्र बदललंय. इथले स्थानिक लोक शनिवार-रविवारी स्वतःच्या गाडीने नैरोबी नॅशनल पार्कात जातात, गाडीत थंड पाण्याची पेटी, बरोबर घरचं जेवण. तिथे जाळपोळीची एक जागा आहे, १९८९ मध्ये जप्त केलेले १२ टन हस्तिदंत तिथे जाळले, मग २०१६ मध्ये तब्बल १०५ टन. आज ती सहलीची जागा आहे, गाडीतून उतरून बसता येतं. हे पार्कही संध्याकाळी सहाला बंद होतं, त्यामुळे लोक उन्हं कलती झाली की निघतात आणि पुढची टस्कर बाहेर न्यामा चोमाबरोबर, म्हणजे भाजलेल्या मटणाबरोबर पितात. टस्कर ही इथली बिअर. कंपनी १९२२ मध्ये काढली, दुसऱ्याच वर्षी तिच्या संस्थापकांपैकी जॉर्ज हर्स्ट शिकारीला गेला आणि हत्तीनेच त्याला मारलं. म्हणून बाटलीवर हत्ती, असं इथे सगळे सांगतात.

आणि गाइड म्हणजे ट्रे धरणारा नोकर नव्हे हो. इथे त्यांच्या व्यावसायिक संघटनेच्या परीक्षा असतात, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. सिल्व्हरवाल्यासमोर पक्ष्यांची नावं घेताना मी जपून बोलतो.

सह्यकडा

ताडोबात गाडीतून पाय खाली टाकला तर गाइड ओरडतो आणि जिप्सीवाल्याचं काम जातं. इथे मात्र खाली उतरून गप्पा. सुरक्षित कसं म्हणता येईल? आणि दारू पिऊन? आपल्याकडे असं काही सुरू झालं तर आठवडाभरात बाटल्यांचा खच पडेल.

लंडनची मावशी

सह्यकडा, मी दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि झांबिया बघितलंय, केनिया नाही. तिकडचं सांगते.

वाटेल तिथे थांबत नाहीत हो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला लागून खाजगी राखीव जंगलं आहेत, साबी सँड, टिंबावाटी वगैरे. साबी सँड आणि क्रूगरमधलं कुंपण १९९३ मध्येच काढलंय, त्यामुळे प्राणी तेच. तिथे गाडी उघडी असते, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर एका खुर्चीत ट्रॅकर बसलेला. थांबायची जागा ते मोकळी निवडतात, गवत आखूड, चारी बाजूंना लांबवर नजर जाईल अशी. मग गाडी त्या जागेभोवती एक चक्कर मारते. ट्रॅकर खाली उतरून झुडपांमागे बघून येतो. रेंजरची रायफल जवळ असते. हे झाल्याशिवाय आपण उतरायचं नाही. उतरल्यावर गाडीपासून लांब जायचं नाही, आणि चुकून काही दिसलंच तर पळायचं नाही, तो सांगेल तसं सावकाश गाडीत चढायचं. दाट सागाच्या जंगलात हे जमणारच नाही, म्हणून ताडोबाचा नियम ताडोबाला बरोबरच आहे.

नदीकाठी मात्र मी जास्त घाबरते. झांबियात साउथ लुआंग्वाला वाळूच्या काठावर टेबल मांडलं होतं आणि समोर पाण्यात पाणघोड्यांचा कळप. संध्याकाळ झाली की पाणघोडे चरायला बाहेर येतात, आणि त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला की तो बाजूने जायचा विचार करत नाही. आमच्या गाइडने काठापासून चांगलं अंतर ठेवलं होतं, आणि ज्या पायवाटांनी ते वर चढतात त्या आधी दाखवल्या. चांगला गाइड ओळखायचा तो इथे. सिंहाची गोष्ट तर कोणीही सांगतो.

पिण्याचं म्हणाल तर गाइड आणि ट्रॅकर थेंबही घेत नाहीत. त्यांना नंतर अंधारात गाडी चालवायची असते.

अबोली

मावशी, एक प्रश्न इथे विचारू की नको असं झालंय. सासूबाईंना मधुमेह आहे. चार-चार तास गाडीत... बाथरूमचं काय करतात?

लंडनची मावशी

अगं विचार की, सगळ्यांनाच पडलेला असतो. खरं तर सनडाउनरचा निम्मा उपयोग त्यासाठीच! गाइडला म्हणायचं, जरा गाडीचा टायर बघून येते. त्याला समजतं. तो आधी झुडपामागे नजर टाकून येतो, मग आपण जायचं. कागद तिथे टाकायचा नाही, जवळ पिशवी ठेवायची आणि कॅम्पवर आणायची. सासूबाईंना आधी सांगून ठेव म्हणजे त्या दुपारपासून पाणी प्यायच्या थांबणार नाहीत. आमच्याकडच्या बायका तेच करतात आणि मग डोकं धरून बसतात.

डॉक्टरीणबाई

धाग्यावर अजून कोणी ‘जिन-टॉनिकने मलेरिया होत नाही’ म्हटलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, म्हणून मीच आधी खोडून ठेवते. प्रत्येक सहलीत एक काका हे म्हणतात.

गोष्टीला मूळ आहे. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं काढलं १८२० मध्ये, फ्रान्समध्ये. पुढे इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सिंकोनाचे मळे लावले. क्विनीन अतिशय कडू, म्हणून साखर, सोडा, लिंबू आणि जिन. पण आजच्या टॉनिक वॉटरमध्ये ते फक्त चवीपुरतं असतं. अमेरिकेत मर्यादा आहे लिटरला ८३ मिलिग्रॅम. मलेरियाच्या उपचाराला पूर्वी मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १८०० मिलिग्रॅम देत असत. म्हणजे रोज वीस लिटरच्या वर टॉनिक प्यावं लागेल. जिनचा हिशेब तुम्ही करा.

त्यामुळे गोळ्या घ्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जायच्या एक-दोन दिवस आधीपासून परत आल्यावर सात दिवसांपर्यंत. डॉक्सीसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावं लागतं आणि उन्हाने कातडी भाजते. मुलांचे डोस वजनावर, सासूबाईंची बाकीची औषधं डॉक्टरांना दाखवूनच काय ते ठरवा. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे सनडाउनर हीच त्याच्या कामावर येण्याची वेळ. गाडीतून उतरण्याआधी पूर्ण बाह्या, मोजे आणि डास पळवणारं डीट किंवा पिकारिडिनवालं मलम. उतरल्यावर अंधारात बॅग शोधत बसू नका.

आणि केनियासाठी पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकाल.

पेंगुळलेला

डॉक्टरीणबाईंचा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली) केला आहे. वीस लिटरचं आव्हान घ्यायला गोंयकार तयार आहेत का?

गोंयकार

टॉनिक नको, काजूची उर्राक असेल तर बोल.

नभोवाटा

टेलीलेन्स यांच्याशी अर्धा सहमत, पण एक गोष्ट कोणी लिहिलीच नाही. सगळे ग्लास धरून पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात. सूर्य बुडाला की लगेच पाठ फिरवा. पूर्व क्षितिजावर राखाडी-निळा पट्टा वर सरकताना दिसेल आणि त्याच्या वर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीचीच सावली. माराच्या मोकळ्या गवताळ मैदानावर ती टोकापासून टोकापर्यंत दिसते, आपल्याकडे इमारती आणि धूळ असल्यामुळे क्वचितच.

संधिप्रकाश तिथे वीस-बावीस मिनिटांत आटपतो. मग आकाश. ऑगस्टमध्ये सव्वासातच्या सुमारास वृश्चिक जवळजवळ डोक्यावर, थोडा दक्षिणेला कललेला असतो, ज्येष्ठा आणि मूळ स्पष्ट. आपल्याकडे वैशाखात दक्षिण क्षितिजाला टेकून दिसणारा त्रिशंकू तिथे ऑगस्टमध्येही नैर्ऋत्येला बऱ्यापैकी वर सापडतो. आजोबांना नक्षत्रं माहीत असतील तर नातवंडांना दाखवायला याहून चांगली जागा नाही. फक्त अमावास्येच्या जवळची तारीख मिळते का बघा.

अबोली

सासऱ्यांना नक्षत्रं तोंडपाठ आहेत! हे वाचून दाखवलं तर ते स्वतःच २७० डॉलर देतील.

टेलीलेन्स

नभोवाटा, पूर्वेचा पट्टा मान्य. मी पश्चिमेचे फोटो तसेही काढत नाही, सगळ्यांचे सारखेच येतात.

पण माझी मूळ तक्रार वेळेबद्दलची आहे. गाइडला दुपारी निघतानाच सांगितलं की ‘समोर काही घडत असेल तर थांबा रद्द, पेय गाडीतच देऊन टाक’, तर बहुतेक जण आनंदाने ऐकतात. त्यांनाही चादर अंथरण्यापेक्षा बिबट्या आवडतो. मात्र गाडीत दुसरी कुटुंबं असतील तर हे निघण्याआधी बोलून घ्या. चित्त्यासमोर सभा भरवू नका.

सह्यकडा

बजेटवाल्यांसाठी काही आहे का? कॉन्झर्व्हन्सीचे दर बघून आलो, घाम फुटला.

लंडनची मावशी

आहे ना. चोबे नदी! बोट्स्वानात कसानेहून दुपारी बोटी निघतात, सूर्यास्ताला परत. गाडीच्या सफारीपेक्षा खूप स्वस्त, आणि हत्ती तिथे इतके की मोजायचा नाद सोडावा लागतो. नदीच्या मधोमध सेडूडू नावाचं सपाट गवताळ बेट आहे, नामिबियावाले त्याला कासिकिली म्हणतात. त्या बेटावरून दोन देश आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, १९९९ मध्ये निकाल बोट्स्वानाच्या बाजूने लागला. हत्तींना निकाल कळलेला नाही, ते सोंड वर धरून पोहत बेटावर येतात आणि पोहतच परत जातात. लहान बोट घ्या, दहा-बारा जणांची. मोठ्या दुमजली बोटीवर गाणी लावतात. व्हिक्टोरिया फॉल्सला झांबेझीवर तर त्या फेरीला लोक सरळ ‘बूझ क्रूझ’, म्हणजे दारूची फेरी म्हणतात, त्यावरून काय ते समजा.

जून ते ऑगस्ट मात्र तिकडे हिवाळा. सूर्य गेला की उघड्या गाडीत दात वाजतात. कानटोपी न्या, लाजू नका.

नैरोबीकर

स्वस्तातलं केनियातलंही सांगतो. अंबोसेलीत ऑब्झर्वेशन हिल आहे, तिथे गाडीतून उतरून पायी वर चढता येतं, खाली दलदलीत हत्ती आणि पाणघोडे. किलिमांजारो दिवसभर ढगात असतो, सकाळी आणि संध्याकाळी उघडतो. हे पार्कही सहाला बंद, त्यामुळे पाच-सव्वापाचला वर जा आणि वेळेत खाली उतरा. वेगळे पैसे नाहीत. बाटली-बिटली न्यायच्या भानगडीत पडू नका, नुसतं बसा. आणि पाण्याच्या वापरून फेकायच्या बाटल्या केनियात संरक्षित क्षेत्रांत जून २०२० पासून बंद आहेत, स्टीलची बाटली घेऊन या.

वरणभात

हे मात्र पटलं. चढायचं, बघायचं, उतरायचं.

अबोली

एजंटला फोन केला. ‘कुठे नेणार?’ विचारल्यावर आधी गप्प, मग म्हणाला “हॉटेलच्या मागे व्ह्यू पॉइंट आहे.” ४५ डॉलर त्याला परत! आता माराच्या तीनपैकी दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि राखीव क्षेत्रात एकच पूर्ण दिवस असं बसवतोय, मारा नदी बघण्यासाठी. नैरोबीकर, शाकाहारी आणि न पिणाऱ्यांना तिथे नेमकं काय मिळतं? सासरे कांदा-लसूणही खात नाहीत.

नैरोबीकर

हे बरं केलंत. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पोचल्यावर आचाऱ्याला पुन्हा सांगा. इथल्या कॅम्पना गुजराती आणि जैन पाहुण्यांची सवय आहे, कांदा-लसूण नाही म्हटलं तर कोणी चमकत नाही. टेबलावर साधारणपणे काजू, शेंगदाणे, बटाट्याचे वेफर्स, सामोसे येतात. सामोशात मटण असू शकतं, विचारल्याशिवाय उचलू नका. नैरोबीत चेवडा कुठल्याही दुकानात मिळतो, एक पुडा बरोबर ठेवा, गाइडही खुशीने खातो.

पिण्यात मुलांना स्टोनी टंगावीझी द्या. आल्याचं सोडा पेय आहे, नाकात झणझणतं. आजी-आजोबांसाठी गाइडला सांगा थर्मासमधून चहा आण, केनियाचा चहा चांगला असतो. दूध वेगळं मागा, नाहीतर काळा येतो. तुमच्या यजमानांना दावा चाखायला सांगा: व्होडका, लिंबू, मध आणि मध ढवळायची लाकडी काडी.

पेंगुळलेला

एप्रिलमध्ये गेलं तर स्वस्त पडेल का? माझी सुट्टी तेव्हाच आहे.

नैरोबीकर

स्वस्त नक्की पडेल. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, आणि माराची जमीन काळी, आपल्या विदर्भातल्या कापसाच्या रानासारखी. भिजली की चाक रुततं. संध्याकाळी साडेसहाला गाडी ढकलायची तयारी असेल तर या. काही कॅम्प त्या दिवसांत बंदही असतात, आधी विचारून घ्या.